साहेबाचं नाक निपाणीत

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीमात्र संबंध नाही अशा समस्त जनतेस, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, शहापुरातील एका विणकराच्या माजघराच्या भिंतीवर पाच खिळे असून, त्यांपैकी पाचव्या खिळ्याचा प्रश्न बारा वर्षे भिजत पडला होता. त्याच बारा वर्षांत देशाच्या स्वातंत्र्याचा प्रश्नही भिजत पडला होता. दोन्ही प्रश्न एकाच वर्षी निकालात निघाले. दुसऱ्याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे. पहिल्याविषयी माझ्याशिवाय कोणी लिहील अशी आशा नाही, म्हणून हा खटाटोप.

तो विणकर अर्थातच मी.

आमचं शहापूर संस्थानाच्या हद्दीत, आणि बेळगावचा कॅम्प इंग्रजांचा. मधे चालत जाण्याइतकंच अंतर. कॅम्पातला गोरा अधिकारी बदलून गेला की त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघायचं. बाकीचे लोक खुर्च्या, कपाटं, आरसे घ्यायला जात. मी कागद घ्यायला जायचो. कारण अगदी धंद्याचं होतं. आमच्या लुगड्यांच्या काठांवर तीच ती रुईफुलं आणि त्याच त्या कुयऱ्या वर्षानुवर्षं चालल्या होत्या. बायका काठाकडं बघून "हे झालं आमचं" म्हणत आणि पुढच्या मागाकडं जात. मला नवी नक्षी हवी होती. साहेबांच्या भिंतींवर फुलांची, पक्ष्यांची विलायती चित्रं असतात असं ऐकलं होतं. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या, त्यात शाई भरायची, ओला कागद वर दाबून ठसा काढायचा आणि मग हातानं रंग भरायचे, अशी ती जुनी चित्रं. साहेबाच्या आज्याच्या, पणज्याच्या काळातली.

पहिल्याच लिलावात मला एक गठ्ठा मिळाला. त्यात पेल्यासारख्या आकाराचं एक लाल फूल होतं. ते मी काठावर उतरवलं आणि ते लुगडं असं खपलं की आमच्या गल्लीत त्याला 'लिलावाचं फूल' असं नावच पडलं. इथं थांबलो असतो तर आज मी एक यशस्वी आणि कंटाळवाणा माणूस झालो असतो. पण गठ्ठ्यात दोन फुलांच्या मधे एक माणूस दडून बसला होता.

काय तो माणूस! पोट नगाऱ्यासारखं. अंगात तांबडा कोट, आत पिवळी बंडी, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप. आणि नाक? नाक असं की त्याच्यामागं बाकीचा चेहरा नंतर येतो. हा गृहस्थ डोळ्याला दुर्बीण लावून समोरच्या खिडकीतल्या बाईकडं बघत होता. वरच्या अर्ध्या चित्रात नुसता आनंद. खालच्या अर्ध्या चित्रात मात्र त्याचा एक पाय धोबिणीच्या टबात गेला होता आणि धोबीण मोगरी उगारून उभी होती. मी इंग्रजी चार यत्ता शिकलेला. शब्दकोश घेऊन बसलो आणि खालच्या ओळी लावल्या. हे पाच इंद्रियांचं प्रकरण होतं. प्रत्येक इंद्रिय या माणसाला कसं खड्ड्यात घालतं ते दाखवणारी पाच चित्रं, आणि हे त्यातलं पहिलं, डोळा.

मी थक्क झालो. रस्त्यानं जाताना ज्यांना वाट करून द्यावी लागायची, तेच साहेब घरात बसून स्वतःच्याच जातभाईंची अशी टर उडवत होते, आणि वर ती भिंतीवर टांगत होते! हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. बायकोला हाक मारली. तिनं पदराला हात पुसत चित्र पाहिलं.

"ह्या बाबाला लुगड्याच्या काठावर घालणार व्हय तुमी?"

"न्हाय गं. ह्याचे आणिक चार भाऊ हाईत. ते हुडकायचे."

"घरात तुमचे सख्खे चार भाऊ हाईत, त्यांना कवा हुडकलं न्हाय ते."

टोमणा रास्त होता. पण त्याच दिवशी मी माजघराच्या भिंतीत ओळीनं पाच खिळे ठोकले. ठोकलेला खिळा रिकामा ठेवायचा नाही, असा पण केला. एकदा पण केला की मागं फिरायचं नाही, हा आमच्या घराण्याचा एकमेव सद्गुण. बाकी सगळं जेमतेम आहे.

जीभ सापडली हिंडलग्याला. एका बंगल्यावरच्या जुन्या खानसाम्यानं ती पत्र्याच्या ट्रंकेत तळाला अंथरली होती. चित्रात आपला माणूस वाफाळणारा पदार्थ अधाशासारखा तोंडात घालतो आणि खाली जीभ बाहेर काढून पाण्यासाठी सैरावैरा धावतो. स्पर्श मिळाला संकेश्वरला, एका गुऱ्हाळाच्या फुटक्या खिडकीवर चिकटवलेला. तिथं हा महाभाग मऊ मांजर समजून साळिंदराला कुरवाळत होता. कान कॅम्पातल्याच रद्दीत हाती आला. कर्णा लावून दाराआडचं बोलणं ऐकतो आहे, आणि खाली कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला गाढव.

कानाच्या बाबतीत माझ्या हातून एक गुन्हा घडला. तो कबूल करतो. चित्र धुळीनं मळलं होतं. आता कोणत्याही कारकुनाला, मास्तराला, वाण्याला मळका कागद मिळाला तर तो फुंकर मारील, फार तर पुसेल. मी विणकर. आम्ही सूत विकत घेतलं की आधी पाण्यात टाकतो. रंग पक्का की कच्चा ते पाणी सांगतं, आणि सुतावरची खळ, म्हणजे पिठाची चिकट पेज, तीही सुटते. मी तो कागद सरळ घंगाळात बुडवला. तांबडा कोट माझ्या डोळ्यांदेखत कोटातून निघाला आणि पाण्यात हिंडायला लागला. मागोमाग पिवळी बंडी. मी ओरडून कागद वर काढला तेव्हा काळ्या रेघा जशाच्या तशा होत्या, पण माणूस पांढराफटक पडला होता. गाढवसुद्धा.

बायको दारात उभी. म्हणाली, "लुगडं असतं तर गिऱ्हाइकानं तोंडावर फेकून मारलं असतं."

मी तो कागद वाळवला आणि चौकटीत घालून टांगला. पांढरा तर पांढरा. चार खिळे भरले. पाचवा रिकामा. महिना गेला, दोन गेले, आणि एके दिवशी बघतो तर पाचव्या खिळ्याला पिठाची चाळण.

"ही काय?"

"खिळा रिकामा ठिवायचा न्हाय, असं कोण म्हनालतं?"

चार साहेब आणि एक चाळण. येणारा पाहुणा आधी साहेब बघायचा, मग चाळण बघायचा आणि मग माझ्याकडं बघायचा. मी ठरवलं, नाक घरात आल्याखेरीज ही चाळण मी हलवणार नाही. तिनंही हलवली नाही.

नाक सापडलं निपाणीत.

लुगड्यांचा गठ्ठा एका व्यापाऱ्याकडं पोचवायला गेलो होतो. मोटारीच्या धुरानं डोकं दुखायला लागलं, म्हणून चिमूटभर तपकीर घ्यावी म्हटलं. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. हवेलाच चव आहे. बाजारपेठेत एका जुन्या दुकानासमोर पायरीवर पाच-सहा माणसं तपकीर ओढत उभी होती. आत जागा मोकळी, तरी सगळे बाहेर. मी आत जाऊन चिमूट नाकाशी नेली तसा गादीवरचा मालक ओरडला, "बाहेर, बाहेर! बोहनी व्हायची हाय अजून!"

तेव्हा त्या दुकानाची रीत कळली. शिंक म्हणजे अपशकुन, आणि बोहनीच्या आधी दुकानात शिंक झाली तर दिवस गेला. विकायची तपकीर आणि शिंकेला बंदी! म्हणून गिऱ्हाइकानं माल आत घ्यायचा आणि नाकाला लावायचा तो बाहेर पायरीवर. शिवाय दुकानाची ख्यातीच अशी की आमच्या तपकिरीनं डोकं हलकं होतं, शिंक येत नाही. शिंक आणते ती हलकी तपकीर, दुसऱ्या दुकानातली. मालकाला सगळे आप्पा म्हणत. आत मागच्या सोप्यात त्यांची आई तंबाखू कुटून गाळायची. तिला सगळं गाव आक्का म्हणे. तीस वर्षांच्या वर तपकिरीत बसून ती एकदाही शिंकली नाही, हे आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि तोंडावर पदर न बांधता गाळत बसलेली आक्का आतून "व्हय" म्हणे.

मी वळलो आणि गादीच्या वर भिंतीकडं नजर गेली.

तिथं तो होता. चौकटीत, झेंडूच्या हारात, काचेवर हळदीकुंकवाची बोटं. तांबडा कोट, पिवळी बंडी, पांढरा टोप. मान वर केलेली, डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, आणि त्या भव्य नाकाशी दोन बोटांची चिमूट. समाधी लागल्यासारखा.

"हे कोण?" मी विचारलं. आवाज स्थिर ठेवायला मला काय कष्ट पडले ते मलाच माहीत.

"आमच्या आज्याची तपकीर बेळगावच्या कॅम्पात जायची," आप्पा छाती काढून म्हणाले. "ही वढून ह्या साहेबाला अशी समाधी लागली, की त्यानं आपलं चित्रच काढून धाडलं. खानसाम्याच्या हातनं. सर्टिफिकीट म्हणा की! बघा, तोंडावर शिंकेचं नाव तरी हाय काय?"

नव्हतं खरं. पण मी तोपर्यंत या माणसाच्या चार विपत्ती तोंडपाठ केल्या होत्या. त्याच्या तोंडावर असा आनंद दिसला की खाली संकट असणारच. आणि खाली काहीच नव्हतं. चौकट कोटाच्या तिसऱ्या गुंडीपाशी संपत होती. मी नाक काचेला लावून पाहिलं. तांब्याचा पत्रा कागदावर दाबला की चारी कडांना त्याची खोलगट खूण उमटते. इथं वर खूण होती, डाव्या-उजव्या बाजूला होती, खाली नव्हती. म्हणजे या चित्राचा खालचा अर्धा भाग एक तर कापून टाकला होता, नाहीतर मागं दुमडला होता.

कापलेला की दुमडलेला? पुढची सगळी वर्षं हा एक प्रश्न माझ्या उशाशी होता.

"आप्पा, देणार काय हे?"

"तुमच्या देव्हाऱ्यातला देव देणार काय तुमी?"

"पर ह्यो देव न्हाय."

"रोज सकाळी ह्याच्या तोंडाकडं बघून बोहनी हुतीया. देवापरीस कमी हाय व्हय?"

मी इंग्रजीचं ज्ञान पाजळून सांगू शकलो असतो की बाबा, हे सर्टिफिकीट नाही, ही थट्टा आहे. नाही सांगितलं. मला माझ्या भिंतीसाठी चित्र हवं होतं. त्यासाठी दुसऱ्याच्या भिंतीवरचा विश्वास खरवडून काढायचा नव्हता. हे झालं उदात्त कारण. दुसरं असं, की सांगितलं असतं तर आप्पांनी मला पायरीवरूनच परतवलं असतं आणि पुन्हा कधी आत घेतलं नसतं.

मी पायताण घालत होतो तेवढ्यात आतून आक्कांचा आवाज आला. "विणकर हाईस न्हवं रं? मग मला गाळायला कापड दे की. हे फाटलंय."

देव पावतो तो असा. वस्त्रगाळ तपकिरीला बारीक, एकसारखं विणलेलं कापड लागतं. मी पंधरा दिवसांत हातभर कापड विणून हजर. आक्कांनी ते उजेडाकडं धरलं.

"ह्यातनं म्हस जाईल."

दुसरं नेलं. "ह्यातनं रेडकू जाईल." तिसरं नेलं. "कोंबडी." असे प्राणी लहान लहान होत गेले आणि मी येत राहिलो. दर खेपेला कापड आक्कांच्या हातात, डोळे साहेबावर, आणि निघताना आप्पांना एकच प्रश्न. आप्पांचंही एकच उत्तर. पुढंपुढं आम्ही दोघं ते रामराम म्हटल्यासारखं म्हणायचो.

"देणार काय आप्पा?"

"न्हाय देणार अण्णा. चहा घ्या."

लढाई सुरू झाली. सूत मिळेना. मोटारी पेट्रोलऐवजी कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या आणि चढावर आम्ही उतारू उतरून ढकलायला लागलो. बायको म्हणायची, "एका नाकापायी निपाणीपर्यंत मोटार ढकलत जाणारा नवरा माज्याच नशिबी." पण बारीक सुताची एक लड मी आक्कांच्या कापडासाठी वेगळी ठेवली होती, आणि ती उंदरांपासून जपायला कोनाड्यात कोण ठेवायचं, तर तीच. माणसाच्या तोंडाकडं न बघता हाताकडं बघावं म्हणतात ते यासाठी.

लढाईच्या मधल्याच एखाद्या वर्षी आक्कांनी कापड उजेडाकडं धरलं, बराच वेळ धरलं आणि म्हणाल्या, "मुंगी. पर लहान मुंगी." मी समजलो, आपण पास झालो. त्या खुशीत त्या बोलायला लागल्या. साहेबाचं चित्र दुकानात आलं तेव्हा त्या नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. सासऱ्यांकडं फुटक्या आरशाची चौकट पडून होती, तीच त्यांनी चित्राला बसवली.

"मी आत हुते, दिसलं काय न्हाय. सासरं म्हनले, खळ शिजीव. तांब्याभर शिजवली. तर म्हनले, पुरत न्हाय, आनी शिजीव. एवढ्याशा कागदाला एवढी खळ रं कशाला लागती?"

मी चहा तसाच ठेवला. एवढ्याशा कागदाला एवढी खळ कशाला लागते? विणकराला कळतं कशाला लागते. कागद एवढासा नसतो तेव्हा लागते! कापला असता तर चार थेंबांत भागलं असतं. दुमडून, मागं फळीला चिकटवला होता. उरलेला साहेब तिथंच होता, चौकटीच्या पाठीमागं, अंधारात, उलटा. संकेश्वरपर्यंत मी मोटारीत गाणं म्हणत आलो. शेजारचा उतारू कंडक्टरला म्हणाला, "ह्याला पुढं बशीव."

आणखी काही वर्षं गेली. गोरे जाणार, जाणार म्हणता म्हणता खरंच निघाले. कॅम्पातल्या बंगल्याबंगल्यांतून लिलाव सुरू झाले. एरवी मी तिथंच मुक्काम ठोकला असता. पण त्याच पावसाळ्यात निपाणीच्या मोटारीच्या ड्रायव्हरनं भर स्टँडवर मला हाक मारून निरोप दिला, "तपकीरवाल्या आप्पांनी बोलीवलंय. म्हनले, साहेबाला वाळवी लागलीया, लवकर या!" स्टँडवरची माणसं खदाखदा हसली. मी एकटा न हसता मोटारीत चढलो.

दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर हजर होतो. भिंतीतून वाळवी चौकटीच्या मागच्या फळीत शिरली होती. आप्पांनी चौकट उतरवून गादीवर ठेवली होती आणि आजारी माणसाजवळ बसावं तसे ते बसले होते.

"चौकट गेली तर जाऊ द्या. कागुद तेवढा वाचवा अण्णा. तुमाला त्यातलं कळतंय."

मी फळीला हात लावला. भुसा झाली होती. घाई हवी होती. बारा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हा, आणि ऐन वेळी माझ्या जिभेला काय झालं कोण जाणे, मी खरं बोलून गेलो.

"आप्पा, आधी एक सांगतो. तुमी बघताय तो अर्धाच साहेब हाय. अर्धा मागं दुमडलाय. वाचवायचा तर सगळा उघडाय लागणार. आणि मागं जे हाय ते चांगलं नसंल. माझ्याकडं ह्याचीच चार चित्रं हाईत. चारीत हा वर हसतोय आन् खाली पडतोय."

आप्पांचा चेहरा उतरला. "मग फाडून अर्धाच ठिवला तर?"

मी चौकटीवर आडवा हात धरला. उत्तर आलं ते आतल्या सोप्यातून. आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात मी विणलेलं कापड.

"उघड रं विणकरा. अर्ध्या मानसाच्या पाया किती दिस पडायचं?"

"आई, पर बोहनी—"

"बोहनी हुईल मग. उघड."

मी फळी सोडवली. कानाच्या वेळचं घंगाळ डोळ्यांपुढं होतं. पाणी नाही, फक्त ओलसर फडकं. तेही कागदाच्या पाठीवर, रंगाच्या बाजूला नाही. खळीला हळूहळू ओल लागू द्यायची, फुगू द्यायची, मग नखानं एकेक बोट सोडवायचं. पांढऱ्या पडलेल्या त्या कानानं मला एवढं शिकवलं होतं. आप्पांनी दार ओढून घेतलं. बाहेर गिऱ्हाइकं जमायला लागली, दार ठोठावायला लागली. "आप्पा, आज दुकान हाय का न्हाय?" मी श्वास रोखून बोट बोट पुढं जात होतो. वाळवीनं कडेचा एक घास खाल्ला होता, बाकी कागद शाबूत होता. आक्का माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. आपणच शिजवलेली खळ एवढ्या वर्षांनी सुटताना बघत होत्या.

शेवटचा कोपरा सुटला. मी दोन्ही हातांनी घडी धरली आणि साहेब उलगडला.

तर आधी चित्र दिसलंच नाही. कारण त्या घडीत, वरच्या फटीतून रोज कणकण झिरपत, चाळीस वर्षांची तपकीर साठली होती. वस्त्रगाळ, अस्सल, शिंक न आणणारी. तिचा असा लोट उठला की दुकान तांबूस झालं. पहिली शिंक आप्पांची. बोहनीच्या आधी, गादीवर बसून, दिवाण हलला अशी! दुसरी, तिसरी, चौथी माझी, पण कागद मी सोडला नाही; हात ताठ आणि मान मागं, असा शिंकलो. बाहेरचं दार ठोठावणं एकदम थांबलं.

आक्का शिंकल्या नाहीत. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मग मान वर गेली. मग डोळे मिटले. मग तोंड किंचित उघडलं. मी त्यांच्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडं पाहिलं. तोच भाव! हुबेहूब तोच! आणि मग सगळ्या गावाला ठाऊक असलेली, कधीही न शिंकलेली आक्का शिंकली. त्या शिंकेचं वर्णन मी करणार नाही. पायरीवरचा एक म्हातारा नंतर म्हणाला की त्याला वाटलं, मागची भिंत पडली.

धूळ बसली तेव्हा आम्ही तिघांनी खालचं अर्धं चित्र पाहिलं. साहेबाच्या शिंकेनं समोरच्या बाईच्या डोक्यावरचा केसांचा मनोरा उडून छताच्या झुंबराला लटकला होता. तपकिरीची डबी चहाच्या किटलीत उलटली होती. एक पाद्री टेबलाखाली, एक कुत्रा पाद्र्याच्या मांडीवर. आणि साहेबाचा स्वतःचा टोप कुठं दिसेना, म्हणून नीट पाहिलं, तर वर समाधीतल्या साहेबाच्या डोक्यावर जो होता तोही खरं तर डोक्यापासून बोटभर सुटलेलाच होता. चाळीस वर्षं उडत होता तो, सगळ्यांच्या समोर.

पुढं काय झालं ते आधी थोडक्यात सांगून टाकतो. आप्पा डोळे पुसत म्हणाले, "न्या. आत्ताच्या आत्ता न्या. हे सर्टिफिकीट भिंतीवर असलं तर उद्या तपकीर कोण घेईल?" मी भिंत मोकळी ठेवायची नाही म्हणून माझं लाल विलायती फूल त्यांना नेऊन दिलं, ते आता गादीच्या वर भिंतीवर झेंडूच्या हारात असतं आणि गिऱ्हाइकं ते तंबाखूचं फूल समजून हात जोडतात. मी काही बोलत नाही. त्या दिवसाची बोहनीही झाली, आणि मोठी झाली, कारण आक्कांना शिंकवणारी तपकीर कसली ते बघायला सगळी पेठ लोटली होती. आमच्या माजघरात पाचव्या खिळ्यावरून चाळण उतरली. उतरवली बायकोनंच, आणि नाक टांगून झाल्यावर ते सरळ आहे का हे तिनं तीनदा पाहिलं. आक्कांचं कापड मी अजून विणतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी दुकानात तपकिरीचा शेवटचा कण खाली बसत होता, आप्पा कपाळाला हात लावून होते आणि बाहेर कोणी दार ठोठावायला धजत नव्हतं. आक्कांनी पदरानं नाक पुसलं, डोळे पुसले, कागदावर वाकल्या आणि उभा जन्म ज्याच्यापुढं हात जोडले त्या साहेबाच्या नाकावर बोट ठेवून एकदम म्हणाल्या,

"अरं मेल्या, चाळीस वर्सं शिंक दाबून बसलातास व्हय रं!"